केराबाईचा जबाब

“जपानात बी मांग असत्यात व्हय गं?”

आवाज जाड, मिस्रीनं खरखरीत झालेला, पण वाक्याच्या टोकाशी ओवीसारखा हेल घेणारा. केराबाई हातागळे विहाराच्या उंबऱ्याशी उभी होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, काखेत हलगी. तिच्यासाठी आत मांडलेल्या खुर्चीकडे ती अशी बघत होती, की जणू ती खुर्ची उठून चावेल.

“असतात, केराबाई,” माझे वडील म्हणाले. “नाव निराळं, बाकी सगळं तेच. तिकडं त्यांना बुराकुमिन म्हणतात. कातडी कमावणारे, जनावरं कापणारे.”

“मंग म्हार बी असतीलच की.”

विहारात बसलेली चाळीस-पन्नास माणसं हसली. पोरंसोरं मोकळेपणानं हसली, म्हातारे जरा जपून.

पाहुणीनं माझ्याकडे बघितलं. “काय म्हणाल्या त्या?”

“तुमचं स्वागत करताहेत,” मी इंग्रजीत सांगितलं.

त्या दिवशीचं माझं ते पहिलं खोटं. इतकं हलकं होतं, की उचलल्याचंही जाणवलं नाही.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या चैत्रातली. मी बावीस वर्षांची होते, औरंगाबादेत इंग्रजी घेऊन एम.ए. करत होते. आमच्या काटसावळीत इंग्रजी बोलू शकणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दुभाषी मी. पाहुणीचं नाव हारुए निशिमुरा. चाळिशीची, ठेंगणी, कानापर्यंत कापलेले केस, बोटं मात्र पुरुषासारखी राठ. जन्मावरून माणसाला हलकं ठरवायची रीत कुठल्या देशात कशी आहे, हे लोकांच्या तोंडून ऐकून लिहून घ्यायचं काम तिची संघटना करत होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वर्षभर माझ्याकडून इंग्रजीत पत्रं लिहून घेऊन तिला गावात आणली होती.

आबा प्राथमिक शाळेत शिक्षक. सगळे त्यांना सोनकांबळे गुरुजी म्हणत. त्यांनी शाळेतला फळा आणून विहारात उभा केला होता. मधोमध सरळ रेघ. डावीकडे भारत, उजवीकडे जपान. खाली ओळीनं धंदा, वस्ती, लग्न, पाणी. साम्य सापडेल तिथं बरोबरची खूण करायची, असं ठरलं होतं.

सकाळीच, दाढी करता करता आरशातूनच त्यांनी मला सांगितलं होतं, “हे बघ विशाखा, त्या बाईसमोर आपण सगळे एक. महार-मांग हे घरातलं भांडण. घरातलं घरात.”

“आणि केराबाई काही बोलली तर?”

“म्हणून तर तू आहेस.”

आबांना मी वाईट ठरवत नाही. अठ्ठ्याहत्तर साली आमची वस्ती जळाली तेव्हा मांगवाडा हाताची घडी घालून बघत राहिला. दुसरा माणूस असता तर त्यानं मनात अढी धरली असती. आबांनी उलट मांगवाड्यात जायला सुरुवात केली. तिथल्या लेकरांना कंदील लावून शिकवलं. तुम्ही-आम्ही वेगळे राहिलो तर दोघंही जळू, म्हणून सांगत फिरले. केराबाईला विहारात खुर्ची मांडणं हे त्या सहा वर्षांचं पीक होतं. त्या खुर्चीवर ती शेवटी बसली, अगदी काठावर, तेव्हा आबांचे डोळे भरून आले होते. हे मी पाहिलं आहे, आणि हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला हक्क नाही.

सुरुवात फार गोड झाली. हारुएनं हलगी मागून घेतली. कडेवरून अंगठा फिरवला, मग नाक टेकवून कातड्याचा वास घेतला.

“बोकडाचं?”

“पाटीचं, कोवळ्या शेळीचं,” केराबाई म्हणाली. “बोकडाचं जाड पडतं. हिला इचार, हिच्या घरात कुनी कमावतं का?”

हारुएचे वडील नगाऱ्यांची कातडी कमवायचे. मोठाले, माणूस आत बसेल एवढे नगारे. ते देवळात जायचे. वडील मात्र देवळाच्या फाटकाशी नगारा सोडून मागं फिरायचे. तिचं लग्न जमत आलं होतं, तर मुलाकडच्यांनी माणूस लावून तिच्या आजोबांचा पत्ता शोधून काढला. पत्ता त्या वस्तीतला निघाला, लग्न मोडलं. हे सगळं ती भाव न दाखवता, हवामानाच्या बातम्या सांगाव्यात तशी सांगत होती. मी वाक्यामागून वाक्य मराठीत आणत होते.

“अगं माजी बाय,” केराबाई म्हणाली. तिनं हात लांब करून हारुएचा अंगठा चाचपला. “हितं घट्टा हाय बग. कातडं तासायच्या रापीचा घट्टा. माज्या मालकाला हितंच व्हता.” मग आम्हा सगळ्यांकडे वळून, “आमचं बी तेच की. हलगी वाजल्याबिगर देवीची पालखी उठत न्हाई, आन हलगीवाल्याला पायरी चढू देत न्हाईत. देव बी कसला चावट, त्याला कातडं चालतं, कातडंवाला चालत न्हाई!”

हे मी जसंच्या तसं सांगितलं. हारुए पहिल्यांदा हसली, तोंडावर हात धरून, पोरीसारखी. आबांनी फळ्यावर ‘धंदा’समोर खूण केली, ‘लग्न’समोर केली. मला वाटलं, माझ्या शिक्षणाचं आज सोनं झालं. दोन देशांच्या दोन बाया माझ्या तोंडातून बोलत होत्या.

“आता पाण्याचं सांगा, केराबाई,” आबा म्हणाले. “गावानं पाणी कसं तोडलं ते.”

केराबाईनं हलगी मांडीवर पालथी घातली.

“भात्तर सालचा दुस्काळ,” ती म्हणाली. “आमच्या मांगवाड्याला हीर कवाच नव्हती. डबकं व्हतं, त्ये आटलं. मंग ह्या हिरीवर येऊन बसायचं.”

हात न उचलता, नुसत्या हनुवटीनं तिनं दाराबाहेर दाखवलं. दारातून आमची विहीर दिसत होती. गावानं पाणी नाकारलं तेव्हा आमच्याच माणसांनी कातळाला सुरुंग लावून खोदलेली. तिच्या कठड्यावर तारीख कोरली आहे, आणि दर वर्षी त्या तारखेला तिथं मेणबत्त्या लागतात.

आबांच्या हातातला खडू थांबला.

“दोराला हात लावायचा न्हाई. पोहऱ्याला न्हाई. काठापासनं चार हात लांब घागर मांडायची, आन वाट बघायची. कवा कुनाला वाटलं तर वरनं वतायचं. उन्हं डोक्यावर येस्तवर बसायचं,” ती म्हणाली, आणि पुढचं तिनं बोलता बोलताच गाण्यात नेलं. जात्यावरचा हेल, जातं नसताना.

हिरीच्या गं काठावरी, माजी घागर तापली
पान्याच्या गं संगं बाई, माजी सावली आटली

माझ्या आईच्या ओव्या ऐकत मी वाढले. पण सावली आटते, हे मी कुठल्या ओवीत ऐकलं नव्हतं. डोक्यावर सूर्य आला की पायाशी जेवढी उरते तेवढी सावली, आणि शेजारी भरलेली विहीर.

“पुढं?” हारुएनं विचारलं. तिला शब्द कळले नव्हते, पण पेन टेकवलेलंच होतं.

“पानी वतायला एक पोर ठिवलेली. धाएक वर्साची. तिला सांगून ठिवलेलं, वरनं वत, कुनाला शिवू देऊ नगं. माजी सगुणा बी तेवढीच. त्या दिशी ताहानंनं येडीच झाली, उठून पोहऱ्याला धरलं तिनं. त्या पोरीनं हातातली कळशी आपटली तिच्या हातावर. पितळंची कळशी. करंगळीशेजारचं बोट मोडलं. अजून वाकडं हाय. घरी हाय सगुणा, बगा जाऊन.”

मागं बसलेल्या दोन म्हाताऱ्या उठून बाहेर गेल्या.

“ती मुलगी कुणाची होती?” हारुएनं एवढं मात्र लगेच विचारलं. मी अर्धंही सांगितलं नव्हतं. ‘हात’, ‘मुलगी’ आणि ‘कळशी’ एवढंच इंग्रजीत बाहेर पडलं होतं.

“कुणाची पोर, म्हणून विचारताहेत,” मी केराबाईला म्हणाले.

केराबाईनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“लेकराचं नाव कशाला घ्यायचं?” ती म्हणाली. “लेकराला शिकिवनारी थोर मानसं व्हती.”

आबांनी घसा साफ केला. नुसता घसा.

मी हारुएकडे वळले आणि सांगितलं, की बहात्तरच्या दुष्काळात केराबाईसारख्या बाया गावातल्या वरच्या जातीच्या विहिरीवर जाऊन बसायच्या. तिथं जमीनदाराच्या घरची एक मुलगी वरून पाणी ओतायची. तिनं सगुणाचं बोट मोडलं. एकही शब्द अडला नाही. माझं इंग्रजी त्या दिवसाइतकं सफाईदार पुन्हा कधी झालं नाही.

हारुएनं लिहून घेतलं. आबांनी फळ्यावर ‘पाणी’समोर खूण केली. खडू किरकिरला.

“ती विहीर मला बघायची आहे,” हारुए म्हणाली. “फोटो हवा. केराबाईंसह.”

मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, “पाटलाच्या मळ्यातली. नेऊ या.”

आम्ही गावाबाहेरच्या वाटेनं निघालो. पुढं आबा आणि हारुए, मागं मी, माझ्यामागं केराबाई. तिची सवय होती ती, चार पावलं मागं चालायची. मळा जवळ आला तशी ती थांबली.

“हिकडं कशाला गं?”

“फोटो काढायचाय.”

“माजा? पाटलाच्या हिरीवर?” तिनं विहिरीकडे बघितलं, हारुएच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, आबांच्या पाठीकडे बघितलं. “काय सांगितलंस तू तिला, इसाखा?”

मी नुसती पुढं चालू लागले. तिनं पदर सारखा केला आणि विहिरीच्या काठच्या, पाणी पडायच्या थारोळ्याशी जाऊन उभी राहिली, फोटोला उभं राहतात तशी, हात सरळ खाली सोडून.

पाण्याच्या मोटारीच्या खोपीतून पाटील बाहेर आला. बापूराव पाटील, सत्तरीचा, अंगात बंडी.

“काय मास्तर, आमच्या हिरीचा फोटू? जपानात हीर न्हाई का बघाया?”

“पाहुण्यांना गाव दाखवतोय, बापूराव.”

“दावा, दावा. आन ही केरी कशाला उभी केलीय?” त्याचा आवाज बदलला. “का गं, आमच्या हिरीवर तुला पानी कवा नाकारलं आमी? खरं सांग.”

केराबाई मान खाली घालूनच बोलली. “न्हाई मालक. नाकारून घ्याया तुमच्या हिरीकडं यायची आमची छाती कवा झाली?”

पाटील गालातल्या गालात हसला. आबांनी मान वळवली. हारुएनं माझा हात धरला, “काय विचारलं त्यांनी? त्या काय म्हणाल्या?”

हारुएनं आयुष्यात ऐकलं असतं असं कदाचित सगळ्यात खरं वाक्य माझ्या जिभेवर होतं. एकाच वाक्यात पाटीलही होता आणि आम्हीही होतो.

“त्या दमल्यात,” मी म्हणाले. “घरी जाऊ म्हणताहेत.”

परत येताना केराबाई मांगवाड्याच्या वळणावर न सांगताच वळून गेली. विहारात चहा ठेवला होता, तिच्यासाठी कपबशीत. तो तसाच गार झाला.

मी आबांना एकटं गाठलं. “आबा, हे बरोबर नाही झालं.”

“काय बरोबर नाही? पाटलाच्या बापजाद्यांनी आपलं पाणी तोडलं, हे खोटं आहे?”

“केराबाईनं सांगितलं ते वेगळं होतं.”

“विशाखा, आपण पाणी दिलं होतं त्यांना.” आबांचा आवाज खाली आला. “बाकी लोक तेही देऊ नका म्हणत होते. मी भांडून दिलं. घरचं माणूस नेमून दिलं. पाटलानं तेही दिलं नाही. दोन्ही एका रांगेत बसवतेस?”

“कसं दिलं, आबा?”

त्यांनी हातावरची खडूची पूड झाडली. मग म्हणाले, “ही बाई उद्या जगाला सांगणार आहे आपलं. एकच पान आहे आपल्याला. त्या एका पानावर आपण काय लिहायचं, आपणच आपल्याला छळतो? तेच तर हवंय वरच्या जातींना.”

खरं सांगायचं तर याचं सगळं उत्तर मला आजही सुचलेलं नाही. पुढं मी प्राध्यापक झाले, जगात कुठं कुठं माणसांच्या उतरंडी आहेत आणि त्या एकमेकींसारख्या कशा आहेत, हे पोरांना तीस वर्षं शिकवलं. आबांसारखेच फळ्यावर दोन रकाने आखून. आपल्यातल्या उतरंडीचा तिसरा रकाना आखायला हात कचरायचा. हारुएच्या संघटनेचा अहवाल छापून आला तो माझ्या कपाटात आहे. त्यात काटसावळीचं पान नाही. समितीतल्या लोकांचं म्हणणं पडलं की या जबाबामुळं तुलना उगाच गुंतागुंतीची होते, असं तिनं पत्रात कळवलं होतं, माफी मागून. आबांनी ते पत्र वाचलं, घडी केली आणि म्हणाले, “झालं समाधान?” त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी, ऊन कलल्यावर, हारुएची जीप येऊन उभी राहिली तेव्हा ती म्हणाली, “निघण्याआधी केराबाईंच्या घरी जायचं आहे.”

“कशाला?” आबांनी विचारलं.

“आमचा नियम आहे. लिहिलेला जबाब बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत परत वाचून दाखवायचा. त्यांनी हो म्हटलं तरच तो माझ्यासोबत येतो.” मग ती म्हणाली, “आमच्या लोकांबद्दल खूप जणांनी खूप काही लिहिलं. आम्हाला वाचून कुणी दाखवलं नाही.”

हे मराठीत सांगताना मी आबांकडे बघितलं नाही.

केराबाईचं घर म्हणजे पत्र्याचं एक छप्पर, समोर शेणानं सारवलेलं अंगण. अंगणात सगुणा केकताडाचा, म्हणजे घायपाताच्या वाखाचा, दोर वळत बसली होती. माझ्याच वयाची, पदरी दोन लेकरं. मला बघून तिनं मान हलवली, दोर थांबवला नाही. डाव्या हाताचं ते बोट दोराच्या पिळाबाहेर उभं राहायचं. बाकीची चार काम करायची आणि ते बघत राहायचं.

हारुए जमिनीवरच बसली. केराबाई समोर. आबा उभेच राहिले. हारुए एकेक वाक्य इंग्रजीत वाचायची, मी मराठीत म्हणायची.

“मी केराबाई हातागळे, वय अंदाजे साठ.”

“व्हय.”

“माझे पती हलगी वाजवत. हलगीचं कातडं आम्ही घरी कमावतो.”

“व्हय.”

“हलगीशिवाय पालखी उठत नाही, पण हलगीवाल्याला पायरी चढू देत नाहीत.”

“बराबर.” ती किंचित हसली. “म्या चावट म्हनले व्हते, त्ये बी लिव म्हनावं.”

हारुएनं पुढचं वाचलं. मी ऐकलं. आता ते मला मराठीत म्हणायचं होतं, केराबाईच्याच तोंडावर, केराबाईच्याच नावानं.

“बहात्तरच्या दुष्काळात,” मी म्हणाले, “आम्ही पाटलाच्या विहिरीवर पाण्यासाठी बसत होतो. पाटलाच्या घरच्या मुलीनं माझ्या लेकीचं बोट मोडलं.”

सगुणाचे हात थांबले.

“हे म्या म्हनले?” केराबाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

“केराबाई,” आबा पुढं झाले. “चळवळीचं काम आहे. तुमचं-आमचं पाणी एकाच गावानं तोडलं. अंगठा द्या, गाडी खोळंबलीय.”

“आन उद्या पाटलानं इचारलं तर? त्यानं तर आजच इचारलं.”

“मी आहे ना.”

“तुमी विहारात, गुरुजी. म्या हितं. केकताड त्याच्या बांधावरनं आनते म्या.” तिनं पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पर ऱ्हाऊ द्या. तुमची पोर शिकलीसवरलीय, दूरच्या बाईम्होरं तिची मान खाली नगं जायला. मांगाच्या तोंडचं एवढं तेवढं हिकडचं तिकडं झालं, तर कुठं आभाळ कोसळतंय. आना त्ये कागुद.”

हारुएनं कागद पुढं केला. ती माझ्याकडे बघत होती. तिला भाषा येत नव्हती, पण हो कसं दिसतं हे तिला कळत असणार, कारण ती म्हणाली, “विशाखा, या ‘हो’ म्हणताहेत का?”

केराबाईनं शाईच्या डबीवर अंगठा टेकवला. अंगठा जांभळा झाला. आबांनी श्वास सोडला. सगुणा मात्र माझ्याकडे बघत होती, थेट. आणि मला वाटतं, बारा वर्षांत तिनं माझ्याकडे असं पहिल्यांदाच बघितलं.

मी कागदावर हात ठेवला. केराबाईचा अंगठा माझ्या हाताच्या पाठीवर उमटला.

“यांनी असं म्हटलं नव्हतं,” मी हारुएला म्हणाले. “मी खोटं सांगितलं. ती विहीर आमची आहे. आमच्या विहारासमोरची.”

मग आबांना कळावं म्हणून तेच मराठीत म्हणाले. आबा म्हणाले, “विशाखा, पुरे.”

मी सगुणाकडे वळले.

“पाणी ओतायला बसवलेली पोर मी होते,” मी म्हणाले. “कळशी माझ्या हातात होती.”